विजेच्या शेगडीचे कार्ड घरी बदलावे काय?

घरातील पंखा बंद पडला तर आपण खिडकी उघडतो. दिवा गेला तर मेणबत्ती लावतो. परंतु ऐन स्वयंपाकाच्या वेळी शेगडी बंद पडली म्हणजे साऱ्या घराचा क्रम बिघडतो. त्यातही इंडक्शन शेगडी अशी की, काल रात्री तिच्यावर दूध तापलेले असते आणि आज सकाळी बटण दाबले तर साधा आवाजही होत नाही. दुरुस्तीसाठी नेली की, “कार्ड गेले आहे, त्यापेक्षा नवीनच घ्या,” असे उत्तर बहुधा मिळते. हे कार्ड म्हणजे काय, ते खरोखर गेले आहे हे कसे ओळखावे, आणि ते घरच्या घरी बदलता येते काय, या तीन प्रश्नांचा विचार या वेळी करावयाचा आहे.

जुन्या कॉइलच्या शेगडीच्या बाबतीत असा प्रश्नच पडत नसे. चिनी मातीच्या तबकडीतील नागमोडी खाचांत नायक्रोमची गुंडाळलेली तार बसविलेली असे. ती तुटली की बाजारातून नवी तार आणावयाची, हाताने सारखी ताणावयाची आणि दोन स्क्रूंमध्ये आवळावयाची. शेगडी कशी चालते हे डोळ्यांना दिसत असे, म्हणून ती दुरुस्त करण्याचे धैर्यही होत असे. इंडक्शन शेगडीत तापणारी तार नाही, जाळ नाही, लाल झालेले काहीच नाही. जे आहे ते गुळगुळीत काचेखाली झाकलेले आहे. न दिसणाऱ्या यंत्राविषयी मनात भीती तरी बसते, नाहीतर फाजील धिटाई तरी येते. विजेच्या कामात दोन्ही सारख्याच घातक. म्हणून आधी या शेगडीचे अंतरंग समजून घेऊ.

शेगडीच्या पोटात काय असते?

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. इंडक्शन शेगडी त्याच तत्त्वावर चालते. काचेखाली तांब्याच्या तारांचे एक चपटे वेटोळे असते. त्यातून अतिशय वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याच्या बुडात भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात आणि भांडे स्वतःच तापते. काच तापते ती भांड्याच्या आचेने. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने या शेगडीची प्रात्यक्षिके केली, तेव्हा शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवून पाणी उकळून दाखवीत असत. कागद जळत नसे. ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे साधे पातेले या शेगडीवर का तापत नाही, याचे उत्तरही यातच आहे.

आपल्या घरी येणारा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असतो. तो या कामी उपयोगाचा नाही. म्हणून कार्ड प्रथम २३० व्होल्टच्या या प्रवाहाचे एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात रूपांतर करते. त्याचा दाब कमाल सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. मग आय. जी. बी. टी. नावाचा एक अर्धवाहक खटका हा प्रवाह सेकंदात वीस हजारांहून अधिक वेळा तोडतो आणि जोडतो. वेटोळे व त्याच्या जोडीचा कपॅसिटर यांच्यात हा प्रवाह झोपाळ्यासारखा ये-जा करतो. ही जोडी एकमेकांसाठी मापून केलेली असते. कार्ड विकत घेताना या गोष्टीचा फार उपयोग होतो, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

बहुतेक शेगड्यांत दोन कार्डे असतात. एक मोठे शक्ती-कार्ड. त्यावर फ्यूज, आय. जी. बी. टी., कपॅसिटर आणि ॲल्युमिनियमचा खाचांचा ठोकळा असतो. दुसरे लहान कार्ड पुढच्या बटणांखाली असते. त्यावर आकडे दाखविणारे दिवे आणि बारीक खटके असतात. दोहोंना तारांची एक चपटी पट्टी जोडते. याखेरीज उष्णता मोजणारे दोन थर्मिस्टर असतात. एक काचेच्या मध्यभागी खालून टेकलेला, दुसरा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याजवळ. आणि एक छोटा पंखा. ही एवढीच मंडळी या घरात राहतात, आणि बिघाड यांपैकीच कोणाचा तरी असतो.

कार्ड गेले, हे कशावरून?

“कार्ड गेले” हे निदान पुष्कळदा घाईचे असते. प्रथम दुसरे एखादे साधन त्याच सॉकेटमध्ये लावून पाहावे. दोष भिंतीतील सॉकेटचा नाही ना, याची खात्री होईल. २००० वॉटची शेगडी जवळजवळ पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेते. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर ती चालविली तर सॉकेट तापते, पितळी पाती सैल होतात, आणि शेगडी बंद पडल्याचा भास होतो. जुन्या भाड्याच्या घरांत स्वयंपाकाच्या ओट्याजवळ मोठे सॉकेट नसले तर हा दोष संभवतो. अशा घरात नवे कार्ड बसवूनही काही लाभ नाही. आधी वायरमन बोलावून १६ अँपिअरचे सॉकेट व योग्य जाडीची तार घालून घ्यावी.

सॉकेट ठीक असेल तर शेगडीची लक्षणे पाहावीत. शेगडी सुरू होते, पण एखादेच बटण दाद देत नाही, किंवा न दाबता आकडे बदलतात, तर दोष लहान कार्डाचा आहे. वाफ, तेलकट हात आणि ओले फडके यांनी तेथील खटके खराब होतात. शेगडी सुरू होऊन थोड्याच वेळात बंद होते, तर पंखा फिरतो काय ते पाहावे. पंख्यात केस व धूळ अडकलेली असेल तर आतील भाग तापतात आणि शेगडी स्वतःच्या संरक्षणासाठी थांबते. अशा वेळी लागतो तो कुंचला, कार्ड नव्हे. पडद्यावर ‘ई’ अक्षर व एखादा आकडा येत असेल तर त्याचा अर्थ त्या शेगडीच्या माहितीपुस्तकातच पाहावा. हे आकडे प्रत्येक कंपनीचे निराळे असतात.

थर्मिस्टर मल्टिमीटरने तपासता येतो, परंतु तो कार्डापासून सोडवून. पुष्कळ शेगड्यांत त्याचा रोध २५ अंश तापमानाला सुमारे १०० किलोओहम असतो, आणि बोटांत धरला असता तो हळूहळू उतरतो. रोध काहीच दाखविला नाही, तर थर्मिस्टर तुटलेला आहे. हा दोष अल्प खर्चात निघतो.

शेगडी पूर्णपणे निःशब्द असेल आणि आतील फ्यूज उडालेला असेल, तर मात्र प्रकरण शक्ती-कार्डाचे आहे. येथे एक चूक कटाक्षाने टाळावी. फ्यूज बहुधा एकटा जात नाही. आय. जी. बी. टी. आतून जोडला गेला म्हणजे प्रवाह बेसुमार वाढतो आणि फ्यूज आपले कर्तव्य करून जातो. नुसता नवा फ्यूज घातला तर तोही त्याच क्षणी जाईल. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणे म्हणजे घराला आग लावण्याची सोय करणे होय.

घरच्या माणसाने कोठे थांबावे?

आमच्या मते याचे उत्तर असे आहे : संपूर्ण कार्ड काढून तसेच दुसरे संपूर्ण कार्ड बसविणे हे काम, खाली दिलेली पथ्ये पाळल्यास, घरच्या जाणत्या माणसाला करता येते. परंतु कार्डावरील एखादा भाग काढून, डाख देऊन, दुसरा बसविणे हे त्याचे काम नव्हे. ते शिकलेल्या कारागिराचे आहे. पहिल्या कामात स्क्रू आणि जोड ओळखावे लागतात. दुसऱ्यात कारण ओळखावे लागते. आय. जी. बी. टी. का गेला हे न शोधता नवा बसविला तर तो वीज सुरू करताच फुटण्याचा संभव असतो.

शेगडीची हमी-मुदत संपलेली नसेल तर ती उघडूच नये. काचेला तडा गेलेला असेल, वेटोळ्याच्या तारा काळवंडल्या असतील, आतील प्लास्टिक वितळले असेल किंवा ओट्यात कायमची बसविलेली व थेट तारांनी जोडलेली शेगडी असेल, तर हे काम घरी करू नये. तडा गेलेल्या काचेतून उतू गेलेले दूध थेट विजेच्या जोडांवर पडते, हे विसरता कामा नये.

कार्डाची खरेदी

बंगळूरच्या वाचकांची या बाबतीत सोय आहे. या शहराचा विजेशी परिचय जुना. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली विद्युत्केंद्र सुरू झाले ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. त्याच विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरचे रस्ते उजळले. पुढे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सरकारी कारखाने येथे उभे राहिले. टाऊन हॉलपासून जवळच असलेल्या एस्. पी. रोडवर आज विद्युत व इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने दाटीने उभी आहेत. शेगडीची कार्डे, पंखे, वेटोळी, थर्मिस्टर अशा वस्तूंचा शोध तेथे घेता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात हिंडलेल्या वाचकांना ते वातावरण परके वाटणार नाही.

दुकानात जाताना शेगडीचे केवळ नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या शेगडीत निरनिराळ्या वर्षी निराळी कार्डे बसविलेली असतात. म्हणून जुने कार्ड बरोबर न्यावे आणि त्यावर छापलेला क्रमांक, जोडांची व त्यांतील पायांची संख्या, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा आणि शेगडीची वॉटमधील शक्ती या चार गोष्टी ताडून पाहाव्यात. शक्य तो कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रातूनच कार्ड मागवावे.

बाजारात “युनिव्हर्सल”, म्हणजे कोणत्याही शेगडीला चालेल असे, कार्डही मिळते. ते स्वस्त असते आणि पुष्कळदा चालतेही. पण वर सांगितलेली वेटोळे व कपॅसिटर यांची जोडी येथे आठवावी. जुने वेटोळे व नवे कार्ड यांचा मेळ बसला नाही तर आय. जी. बी. टी. अधिक तापतो आणि लवकर जातो. याहून गंभीर गोष्ट थर्मिस्टरची. नव्या कार्डाला ज्या रोधाचा थर्मिस्टर अपेक्षित आहे त्याहून निराळा जुनाच तसा ठेवला, तर कार्डाला भांड्याच्या उष्णतेचा अंदाज चुकीचा मिळतो. कढईतील तेल पेट घेण्याइतके तापले तरी शेगडी थांबणार नाही. म्हणून असे कार्ड घ्यावयाचेच असेल तर वेटोळे आणि थर्मिस्टर त्याच्याच संचातील घ्यावेत.

किमतीचाही विचार करावा. कार्ड, वेटोळे व जाण्यायेण्याचा खर्च मिळून नव्या शेगडीच्या निम्म्या किमतीहून अधिक होत असेल, तर शेगडी किती जुनी आहे ते पाहून मगच निर्णय करावा.

प्रत्यक्ष काम

प्लग सॉकेटमधून काढून तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर किमान दहा मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. शेगडी उपडी करून तळाचे स्क्रू काढावेत आणि ते एका वाटीत ठेवावेत. काच कापडावर ठेवावी. वरचे झाकण उचलताना झटका देऊ नये. बटणांच्या कार्डाची चपटी पट्टी आत जोडलेली असते. मोठ्या चौकोनी कपॅसिटरच्या दोन पायांमधील दाब मल्टिमीटरने मोजावा आणि तो शून्याजवळ आल्याखेरीज आत हात घालू नये.

यापुढे काहीही सोडविण्यापूर्वी मोबाईलवर चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती तार कोठे होती, हे एक तासाने कोणालाही आठवत नाही. मग वेटोळ्याच्या दोन तारांचे स्क्रू, पंख्याचा जोड, थर्मिस्टरचे जोड, चपटी पट्टी आणि शेवटी वीज आणणाऱ्या तारा या क्रमाने सोडवाव्यात. जोड काढताना तारेला धरून ओढू नये. प्लास्टिकच्या टोपीला धरावे. रिकाम्या पोटातील धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. उबेसाठी झुरळे येथे बिऱ्हाड करतात आणि कार्डावर घाण करून बारीक जोड बिघडवितात.

नवे कार्ड बसविताना तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले, वेटोळ्याचे दोन स्क्रू घट्ट हवेत. तेथील सैल जोड तापून जळतो. दुसरे, मधला थर्मिस्टर काचेला खालून नीट टेकला पाहिजे आणि त्यावरील पांढरा लेप पुसला गेला असेल तर उष्णतावाहक लेप पुन्हा लावावा. तिसरे, चपटी पट्टी उलटी बसलेली नाही, आणि पंख्याच्या पात्यांना कोणतीही तार लागत नाही, हे छायाचित्राशी ताडून पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. झाकण उघडे असताना प्लग लावून आत बोट किंवा स्क्रू-ड्रायव्हर कदापि लावू नये. बटणांचे कार्ड कमी दाबावर चालते म्हणून ते निर्धोक आहे, असा समज आढळतो. बहुतेक घरगुती शेगड्यांत हे लहान कार्डही घरातील विजेपासून वेगळे केलेले नसते. त्याला केलेला स्पर्श हा थेट २३० व्होल्टच्या तारेला केलेला स्पर्श ठरू शकतो.

झाकण पूर्ण बसवून स्क्रू आवळल्यावरच वीज द्यावी. पहिली परीक्षा सिरीज बोर्डावर व्हावी हे उत्तम. जुन्या पद्धतीचा, तारेचा, १०० वॉटचा दिवा शेगडीच्या मार्गात जोडलेला असला म्हणजे आत कोठे तारा भिडल्या असतील तर दिवा लखलखीत पेटून राहतो आणि कार्ड वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. एल. ई. डी. दिवा या कामी चालत नाही. असा बोर्ड घरी बनविण्याची गरज नाही. वस्तीतील वायरमनकडे तो बहुधा असतो, आणि या एका परीक्षेसाठी शेगडी त्याच्याकडे नेण्यात कमीपणा नाही. त्यानंतर शेगडी मोठ्या सॉकेटवर लावावी, लोखंडी बुडाच्या भांड्यात पाणी घेऊन कमी आचेवर दहा मिनिटे चालवावी आणि पंख्याचा आवाज, वास व प्लगची ऊब यांवर लक्ष ठेवावे. पहिल्या दिवशी तळण करू नये.

दुरुस्तीचा हक्क

हा प्रश्न एका घराच्या काटकसरीपुरता नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडली असता तिचा सुटा भाग आणि तिची माहिती मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे की नाही, हा विचार सर्वत्र चालू आहे. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहकदिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाईल, वाहने आणि घरगुती टिकाऊ वस्तू ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून शीतकपाटे, धुलाई-यंत्रे इत्यादींचे सुटे भाग सात ते दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. दुकानात नवी शेगडी घेताना “हिचे कार्ड पुढे मिळेल काय?” असे विचारणारा ग्राहक या विचारालाच बळ देत असतो.

लोकांनी आपण होऊन केलेले प्रयत्नही आहेत. शेजारीपाजारी एकत्र जमून, जाणत्यांच्या मदतीने बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करावयाच्या, असा ‘रिपेअर कॅफे’ २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये भरला. बंगळूरमध्ये तसाच उपक्रम २०१५ साली सुरू झाला. एकट्याने शेगडी उघडण्यापेक्षा जाणत्या माणसाच्या शेजारी बसून ती उघडणे केव्हाही अधिक शहाणपणाचे.

काढलेले जुने कार्ड केराच्या टोपलीत टाकू नये. इ-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून जुन्या मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या केंद्रात किंवा नोंदणीकृत संग्राहकाकडे ते द्यावे. उघड्यावर जाळलेल्या अशा कार्डांतील धातू हवेत, मातीत आणि शेवटी आपल्याच अन्नात परत येतात.

घरातील मुलांना हे काम दुरून अवश्य पाहू द्यावे. काचेखाली काय आहे हे त्यांना कळेल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्लग काढल्यावर बाबा किंवा आई दहा मिनिटे स्वस्थ का बसून राहिली, हेही त्यांच्या ध्यानात राहील.